दोन मशीनवाला

कुठल्याही घरात गेला की तो आधी स्पीकर फिरवून त्याला भिंतीकडे तोंड करून उभा करायचा, मी वर्गात वात्रट पोरांना करायचो तसा. मग गुडघ्यावर बसायचा, स्पीकरच्या पाठीवरून अंगठा फिरवायचा आणि वर न बघताच विचारायचा, "पट्टी काढली का?"

या प्रश्नावर आमचं जाफराबाद कितीतरी वर्षं हसलं. मीही हसलो. मी तर हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत त्याची नक्कल करून दाखवायचो. गुडघ्यावर बसणं, तो अंगठा, तो घोगरा आवाज, सगळं. शिपाईसुद्धा घंटा द्यायची विसरून दारात उभा राहायचा. आज कुणी ती नक्कल मला कर म्हटलं तर त्याच्या कानाखाली वाजवीन, इतका राग माझ्या अंगात आहे. तो कुणाकुणावर आहे ते पुढे सांगतोच.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की आपल्याकडे माणसं आधी आडनाव बघतात, आडनावावरून काय ते ठरवून मोकळी होतात आणि पुढचं वाचायचं राहून जातं. तुम्हीही तेच करता आणि मीही तेच करत आलो, उगाच एकमेकांना सोवळं समजू नये. गाव त्याला मिस्त्री म्हणायचं, तेवढं पुरे.

खताचं दुकान आणि झेरॉक्सचं दुकान यांच्या मधोमध त्याची पत्र्याची खोली होती. बाहेर पाटी होती, 'येथे आवाज साफ करून मिळेल'. त्यावर नाव नाही, फोन नंबर नाही. रिकामटेकडे लोक मुद्दाम आत डोकवायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री, बायकोचा आवाज साफ करून देता का?" मिस्त्री हातातलं सोल्डर खाली न ठेवता सांगायचा, "बाईचा आवाज साफच राह्यतो. तुमचे कान सोडून जा, संध्याकाळपर्यंत पाहून ठेवतो."

तो जुन्या रेडिओवर शिकलेला माणूस. शाळा सातवीपर्यंत. पण अ‍ॅम्प्लिफायर, त्याच्या भाषेत मशीन, स्वतःच्या हातानं बनवायचा. पत्रा कापण्यापासून ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्यापर्यंत सगळं एकटा करायचा. अशा माणसाला एखाद्या मोठ्या गावात लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. आमच्याकडे त्याला मिक्सर आणि इस्त्री दुरुस्तीला द्यायचे, आणि वर जल्दी करा म्हणायचे.

माझी त्याच्याशी ओळख झाली ती सासऱ्यांनी दिलेल्या जुन्या स्टीरिओमुळे. गाणं लागलं की ढोलक सुरू होईपर्यंत बाईचा आवाज स्वच्छ, ढोलक सुरू झाली की बाई विहिरीत पडल्यासारखी. मी तो संच रिक्षात घालून मिस्त्रीकडे नेला आणि ऐटीत सांगितलं की याचे वॅट कमी पडतात, जास्त वॅटचं मशीन लागेल. मी सायन्सचा मास्तर, मला वॅट माहीत होते.

मिस्त्रीनं विचारलं, "घरात माणसं किती हायेत?"

"चार."

"चार माणसाला किती वॅट पाह्यजे, मास्तर? लगीन लावायचं हाय का गाणं ऐकायचं हाय?"

मग त्यानं स्पीकरची जाळी काढून मला दाखवलं. "हे पाहा. एका डब्यात दोघं राह्यतात. हा मोठा, जाड्या आवाजाचा. हा लहाना, बारीक आवाजाचा. मशीन तुमचं एकच. जाड्याची भूक मोठी, त्यो आधी ओढून घेतो. मंग बारक्याच्या ताटात काय राह्यलं?"

"मग करायचं काय?"

"दोघाला दोन मशीन. जाड्याला वेगळं, बारक्याला वेगळं. कोणी कोणाच्या ताटात हात घालायचा न्हाई."

ही त्याची आयुष्यभराची गोष्ट होती. एका गाण्याला दोन मशीनं. मोठं मशीन खालच्या आवाजाला, लहान मशीन वरच्या आवाजाला. आता ती पट्टी म्हणजे काय तेही सांगून टाकतो. चांगल्या स्पीकरच्या पाठीला वायर जोडायची दोनाऐवजी चार टोकं असतात, दोन मोठ्याची आणि दोन लहान्याची. कारखान्यातून येताना ती पितळी पट्ट्यांनी एकमेकांना जोडून दिलेली असतात, म्हणजे एकाच मशीनवर दोघांचं भागतं. दोन मशीनं लावायची असतील तर त्या पट्ट्या काढाव्याच लागतात, आणि मशीनं आहेत तोवर पुन्हा लावायच्या नाहीत. राहिल्या तर दोन्ही मशीनं एकमेकांच्या अंगावर जातात आणि जळून जातात. हे त्यानं मला त्या दिवशी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती.

माझ्या जुन्या स्पीकरला चार टोकं नव्हतीच. त्यानं डबे खोलून ती बसवली, दोन मशीनं करून दिली आणि घरी येऊन जोडली. भिंतीवर टांगायला एक गोधडी मागितली. खोलीच्या चारी कोपऱ्यांत उभा राहून टाळ्या वाजवल्या. माझ्या बायकोला वाटलं, हा आता आरती म्हणणार. मग गाणं लागलं आणि मला पहिल्यांदा ऐकू आलं की पेटीवाला भाता दाबतो तेव्हा पेटी श्वास घेते. ते गाणं मी लहानपणापासून ऐकत होतो. बायको कणकेच्या हातांनी बाहेर येऊन उभी राहिली आणि गाणं संपेपर्यंत आत गेली नाही.

काम झालं की नाही हे तो स्वतः ठरवायचा नाही. त्याची एक तऱ्हा होती. घरातल्या बाईला तो एखादा चमचा किंवा वाटी फरशीवर टाकायला सांगायचा आणि तो आवाज मोबाइलमध्ये भरून घ्यायचा. मग बाई आत कामाला लागली की गुपचूप तो आवाज स्पीकरवरून सोडायचा. आतून ओरडा आला, "कोणी काय पाडलं रे?", की दोन्ही मशीनांचा आवाज एकमेकाला जुळला. ओरडा नाही आला तर पुन्हा गुडघ्यावर बसून इकडचा आवाज कमी, तिकडचा जास्त. एका घरात तीन दिवस ओरडा आला नाही आणि तो तीन दिवस जात राहिला. "घरातल्या बाईचा कान फसत न्हाई," तो म्हणायचा, "मापाचं मशीन फसंल."

मिरवणुकीवाली पोरं त्याच्याकडे यायची. ट्रकवर स्पीकरांची भिंत रचणारी. त्यांना छाती हादरवणारा आवाज पाहिजे असायचा. एकदा मी तिथे बसलेलो असताना एक जण म्हणाला, "मिस्त्री, असा बास काढून द्या का छातीत बसला पाह्यजे." मिस्त्रीनं त्याची छाती नीट निरखून पाहिली आणि म्हणाला, "इथं कान दिसत न्हाईत तुला. बस म्हणलं तरी बसंल कुठं?" पोरं चिडून गेली. अख्ख्या तालुक्यात ज्या कामाला मागणी होती ते त्यानं नाकारलं, म्हणून तो लोकांच्या लेखी खुळा. जे पोट भरण्यासाठी कुणाच्याही कानठळ्या बसवायला तयार, ते धंदेवाले. हा न्याय मला अजून कळलेला नाही.

आता दादाकडे येतो. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. चांगली बागायती, गावाबाहेर बंगला, पंचायत समितीत ऊठबस. त्याच्या पुण्याच्या मुलीनं त्याला परदेशी स्पीकरची जोडी पाठवली, कमरेइतकी उंच, लाकडाची. पाठीला चार-चार टोकं. दादानं मला विचारलं आणि मी मिस्त्रीचं नाव सुचवलं. सुचवताना मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं होतं.

मिस्त्री त्या बंगल्यात आठ दिवस खपला. दोन नवी मशीनं बनवली, मोठं आणि लहान, काळ्या डब्यांत, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या. दादा त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, तरी त्याला अरे-तुरे करायचा. "ए मिस्त्री, पाय पुसून ये." आम्ही सगळे कपबशीत चहा प्यायचो आणि मिस्त्रीला कागदी कप यायचा. कागदी कप ही आपल्या लोकांना फार सोयीची वस्तू सापडली आहे. पूर्वी वेगळा पेला ठेवावा लागायचा, तो डोळ्यावर यायचा. आता कुणी काही म्हटलंच तर स्वच्छतेचं कारण तयार. मिस्त्री चहा प्यायचा, कप चेपून स्वतःच्या पिशवीत टाकायचा आणि कामाला लागायचा. आठ दिवस मी हे पाहत होतो. मी एकदाही म्हणालो नाही की वहिनी, मलाही कागदी कपात द्या.

नवव्या दिवशी वहिनी आतून ओरडल्या, "कोणी सांडलं रे ते?" मिस्त्री लहान पोरासारखा हसला. त्यानं चार पितळी पट्ट्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या, वहिनींच्या हातात दिल्या आणि आम्हा तिघांनाही बजावलं, "ह्या कपाटात ठेवा. मशीनं लावलेली हायेत तवर ह्याहिला बाहेर काढायचं न्हाई. पट्टी काढली का, हे इचारूनच वायर जोडायची." त्याची पाठ फिरल्यावर मी दादाला त्याची नक्कल करून दाखवली. दादा हसून लोळला.

दोन वर्षांनी दादाच्या धाकट्या मुलीचा साखरपुडा घरीच ठरला. रंगरंगोटीसाठी सगळं सामान हलवलेलं, स्पीकरच्या वायरी सुटलेल्या. पाहुणे अकराला येणार होते. सकाळी मी पोचलो तर दादा म्हणाला, "मास्तर, सनई लावायची हाय. तू सायन्सचा ना? जोडून टाक बरं."

मी म्हणू शकलो असतो की मिस्त्रीला बोलावू. बाजारपेठेतून बंगल्यावर यायला त्याला सायकलवर दहा मिनिटं लागली असती. पण घरात चार माणसं बघत होती. मी कपाट उघडलं, वायरी काढल्या आणि त्यांच्याबरोबर ती पिशवी हाताला लागली. चार पट्ट्या, चकचकीत.

इथे मी काय विचार केला तो सांगतो, कारण तो विचार आपल्यातल्या कुणाच्याही डोक्यात आला असता. आपल्याकडे पंखा दुरुस्त होऊन आला आणि एखादा स्क्रू हातात उरला की आपण काय म्हणतो? कारागीर विसरला. सुटा भाग उरला म्हणजे काम अर्धवट. आणि 'पट्टी काढली का' याचा अर्थ मी मनाशी असा लावला होता की काम करताना काढायची असते आणि काम झालं की लावायची, चष्म्यासारखी. शंभर वेळा ते वाक्य मी त्याच्या आवाजात बोललो होतो. एकदाही ऐकलं नव्हतं.

मी चारही पट्ट्या जागच्या जागी बसवल्या. पक्कडीनं आवळल्या. वर फाटकाकडे डोळे लावून बसलेल्या दादाला म्हणालोसुद्धा, "तुझा मिस्त्री एवढं बसवायचं विसरला होता."

पाहुणे आले, बसले. मी बटण दाबलं. सनईचा सूर काही लागला नाही. आधी म्हैस हंबरावी तसा आवाज, मग एक कडाका, मग दोन्ही डब्यांच्या भोकांतून निळसर धूर. जळक्या वासानं नवऱ्या मुलाची आई पदर नाकाला लावून उठून उभी राहिली. कुणीतरी अपशकुन हा शब्द उच्चारला.

मी वायरी ओढायला स्पीकरच्या मागे धावलो. पट्टीला बोट लागलं आणि पोळलं. त्या क्षणी मला सगळं कळलं. मिस्त्रीचा प्रत्येक शब्द, एकेक अक्षर सुटं करून कळला. आणि त्याच क्षणी बाहेर दादा पाहुण्यांसमोर गरजत होता, "त्या मिस्त्रीचे धंदे हे! जगात लोक एका मशीनवर गाणे ऐकतात, ह्याला दोन लागतात! लायकी न्हाई तर करायचं कशाला?"

मी पुढे होऊन सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. माझी जीभ टाळूला चिकटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. जीभ ठीक चालत होती, मी पाहुण्यांना या बसा म्हणतच होतो. जेवणं उरकल्यावर, हॉल रिकामा असताना, मी पुन्हा स्पीकरच्या मागे बसलो, चारही पट्ट्या काढल्या आणि खिशात घातल्या. तुम्ही मला काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. माझ्या तोंडून स्वतःला मी त्याहून वाईट म्हणून चुकलो आहे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री बोलावल्याशिवाय आला. गावातून त्याच्या कानावर गेलं होतं. दादानं त्याला पायरीवरच ताटकळत ठेवला, मग आत घेतला. त्यानं स्पीकर फिरवला, गुडघ्यावर बसला, अंगठा फिरवला. पट्टी नव्हती. टोकांवर काळा डाग होता. डागाकडे त्यानं बराच वेळ पाहिलं, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, जोडताना तुम्ही होते ना? पट्टी काढेलच होती ना?"

"होती," मी म्हणालो.

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. त्याचे डोळे तो डाग पाहत होते, त्याच्या अंगठ्याला तो लागत होता. पण मी मास्तर होतो, आणि मास्तर खोटं बोलत नाही असं त्याला लहानपणी कुणीतरी शिकवलं असावं. स्वतःच्या अंगठ्यापेक्षा त्यानं माझा शब्द खरा धरला. मशीनं खोलून आतला कोळसा पाहिला आणि म्हणाला, "मंग मह्याच हातानं झालं."

दादानं त्याला जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. त्यात जातीचा उल्लेख नव्हता, दादा हुशार आहे. पण 'तुम्ही लोक' हे शब्द चार वेळा आले. मिस्त्री उठला. दोन्ही डबे पोत्यात घातले, सायकलच्या कॅरियरला बांधले आणि निघून गेला.

त्यानंतर गावानं त्याला 'दोन मशीनवाला' नाव पाडलं. झेरॉक्सवाला ज्याला त्याला विचारायचा, "काय, दोन मशीनवाल्याकडं जाऊन राह्यले का? विमा काढला का?" लोकांनी आपले संच परत नेले. ज्या घरातून चमच्याच्या आवाजाला ओरडा आला होता त्या घरांनीसुद्धा. इतकी वर्षं चाललेली मशीनं त्यांच्या डोळ्यांसमोर होती, ती कुणी मोजली नाहीत, एका सकाळचा धूर मोजला. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. कुणी पुन्हा मशीन करून मागितलं तरी तो नाही म्हणू लागला. "आता हाताचा भरोसा न्हाई," म्हणायचा. गावानं नाव ठेवलं ते एक वेळ सोसलं असतं. त्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला होता, आणि तो माझ्या खिशात गेला होता.

पाटी उतरली. वर्षभरात तो आपल्या मुलीकडे तीर्थपुरीला राहायला गेला. मुलगी तिथे शाळेवर शिक्षिका आहे.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी शाळेनं समारंभ ठेवला. भाषणं झाली आणि मागून सहकारी ओरडायला लागले, "सर, एकदा मिस्त्री होऊ द्या! पट्टी काढली का!" मुलं टाळ्या वाजवायला लागली. मी स्टेजवर गुडघ्यावर बसलो. तोंड उघडलं. आवाज निघेना. लोकांना वाटलं, सरांना गहिवरून आलं. हेडमास्तरांनी मला हात देऊन उठवलं, शाल घातली आणि एवढ्या संवेदनशील शिक्षकाबद्दल चार शब्द बोलले. त्या शालीची मला आग आग झाली.

पुढच्याच आठवड्यात मी एसटीनं जालना गाठलं आणि तिथून तीर्थपुरी.

मिस्त्री ओट्यावर बसून फवारणीच्या बॅटरी पंपाची वायर जोडत होता. केस पांढरे झालेले, चष्म्याची काच जाड. मला पाहून उठला. "मास्तर! कसं काय आल्ते इकडं?" मी त्या चार पट्ट्या खिशातून काढून त्याच्यासमोर ओट्यावर ठेवल्या. मग सगळं सांगितलं, पक्कडीनं आवळण्यापासून 'होती' म्हणण्यापर्यंत.

त्यानं एक पट्टी उचलली, बोटांनी तिच्यावरचा काळा थर घासला. पहिला प्रश्न विचारला तो असा, "आधी कोणतं गेलं? मोठं का लहानं?"

"दोन्ही एकदमच गेल्यासारखी वाटली."

"आवाज कसा आला? हंबरल्यावानी?"

"हो."

"मंग ट्रान्सफॉर्मर माहा बराबर होता," तो म्हणाला. "बिलकुल बराबर होता." मग त्यानं आत तोंड करून हाक मारली, "बाई, बाहेर ये. मास्तर काय सांगून राह्यले ते ऐक." मुलगी आली. "सांगा, मास्तर." मी पुन्हा सगळं सांगितलं. जावई शेतातून आला, मिस्त्रीनं त्यालाही बसवलं. "सांगा." तिसऱ्यांदाही मी उभ्यानंच सांगितलं. कुणी मला बसा म्हटलं नाही आणि ते योग्यच होतं.

मग मिस्त्री भडकला. इतक्या वर्षांत मी त्याचा चढलेला आवाज प्रथमच ऐकला. "मी त्यो डाग पाह्यला व्हता, मास्तर! ह्या अंगठ्याला लागला व्हता! मह्या अंगठ्याला मी खोटं पाडलं, तुमच्या एका शब्दापायी. रातचं उठून उठून मी हिशेब लावला, कुठं चुकलो, कुठं चुकलो. चूक सापडंना. सापडंल कशी?" हातातली पट्टी त्यानं ओट्यावर आपटली. "इथं काय सांगता? हे मह्याच घरचे हायेत. तिथं सांगा, दादाच्या हॉलमदी. जे लोक तव्हा बसेल व्हते त्यांच्यासमोर."

मी सांगितलं. दादाच्या नातवाच्या बारशाला तेच व्याही, तीच मंडळी होती. मी उभा राहिलो आणि स्पष्ट शब्दांत सांगितलं की मशीनं मी जाळली, मिस्त्रीनं नाही. आणि काय झालं असेल? लोक हसले. दादा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मास्तर, तू पण ना! जुनं काय उकरून राह्यला? पोरीचं लगीन झालं, पोरगं झालं, झालं न्हाई का सगळं बराबर?" विहीणबाई म्हणाल्या, मास्तर मोठे गमतीचे आहेत. एकाही माणसाला असं वाटलं नाही की उठावं, तीर्थपुरीचा फोन लावावा आणि चुकलं म्हणावं. एका माणसाचे हात यांनी बांधून ठेवले आणि यांच्या लेखी ते सगळं बराबर झालं! मी जेवण न करता निघालो. त्याचाही कुणावर काही परिणाम झाला नाही, एक पान वाचलं.

मिस्त्रीला फोन करून कळवलं. "काय म्हणले?" त्यानं विचारलं.

"हसले."

"हसू द्या," तो म्हणाला. "तुम्ही उभं राहून बोलले ना? मंग झालं." त्यानंतर त्यानं माझ्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि फोन ठेवला. त्याच्या त्या 'मंग झालं'नं मला जास्तच लाज वाटली.

तो गेला तेव्हा मुलीनं मला कळवलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी गेलो. वंदना झाली, लोक जेवायला बसले, तेव्हा ती मला मागच्या खोलीत घेऊन गेली. खिडकीखाली टेबलावर दोन काळे डबे होते. एक लहान, एक मोठा. नवे, कडा घासलेल्या.

"तुम्ही येऊन गेल्यावर बाबांनी काम पुन्हा हातात घेतलं," ती म्हणाली. "डोळ्यानं दिसत न्हव्हतं, म्हणून उन्हाची तिरीप आली की तेवढ्या वेळातच सोल्डर मारायचे. मधली सात वर्षं त्यांनी ह्या कामाला हात न्हव्हता लावला, सर. सात वर्षं. लहाना पुरा झाला. मोठा राह्यला."

तिनं मोठ्या डब्याचं झाकण उचललं. आत ट्रान्सफॉर्मर बसवलेला होता. लाल, काळ्या, पिवळ्या वायरी सोललेल्या टोकांनी वर आलेल्या होत्या आणि प्रत्येक वायरीला त्याच्या अक्षरात एकेक चिठ्ठी बांधलेली होती.

"तुम्ही सायन्सचे ना?" ती म्हणाली. "तुमच्यामुळं राह्यलं, तुम्हीच पुरं करून द्या."

मी चिठ्ठ्या वाचल्या. सगळ्या वाचल्या. कुठली वायर कुठे जाते ते मला कळलं नाही.

"मला येत नाही, बाई," मी म्हणालो.

"हे तव्हा म्हणाले असते तर," ती म्हणाली, आणि तिनं डब्याचं झाकण लावलं.